बाईंच्या मृत्युपत्रातले तिसरे कलम

कराडमधल्या आमच्या छोट्या विश्वस्त संस्थेकडे देणग्या येतात त्या बहुधा ठरलेल्या वाटेने. कुणी आईच्या नावाने दहावीतल्या मुलीला बक्षीस ठेवतो, कुणी मोतीबिंदूच्या शिबिराला हातभार लावतो, महापुराच्या वर्षी धान्य आणि चादरी येतात. त्यामुळे बाईंचे मृत्युपत्र वाचले गेले तेव्हा पहिल्या दोन कलमांवर सगळ्यांनी माना डोलावल्या. घर पुतण्याला, पुस्तके शाळेला. तिसऱ्या कलमापाशी वकीलसाहेब थांबले, चष्मा पुसला आणि ते पुन्हा सावकाश वाचले. मुदत ठेवीतले २४ लाख रुपये संस्थेला, आणि त्यावरच्या व्याजाचा निम्मा भाग ‘अण्वस्त्रे जगातून नाहीशी व्हावीत यासाठी चाललेल्या कामाला’.

मी संस्थेची कोषाध्यक्ष. हिशेब तिथेच कागदावर मांडला. वर्षाचे व्याज १ लाख ६८ हजारांच्या आसपास, त्याचे निम्मे ८४ हजार. जगात आजही सुमारे १२ हजार अण्वस्त्रे आहेत आणि ती बाळगणारे नऊ देश त्यांच्यावर वर्षाला १०० अब्ज डॉलरच्या घरात खर्च करतात, हे मला नंतर वाचून कळले. पण त्या संध्याकाळी एवढे माहीत नसतानाही सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न होता. आपण कराडात बसून, या पैशांनी, यातले नेमके काय करायचे?

त्या ८४ हजारांचे आम्ही काय केले, कसे ठरवले आणि कुठे अडलो, त्याची ही नोंद. तालुक्याच्या गावातल्या संस्थेपुढे असा प्रश्न रोज येत नाही. पण आलाच, तर आमची चुकलेली पावलेसुद्धा कुणाच्या उपयोगी पडतील.

बाई

बाई १९६६ साली पाटण तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान आणि भूगोल शिकवायला रुजू झाल्या. दुसऱ्याच वर्षी, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी, कोयनेचा भूकंप झाला. ६.३ रिश्टरचा. दीडशेहून जास्त माणसे गेली, कोयनानगरात धड भिंत दिसेना. बाईंच्या वर्गातली दोन मुले त्यात होती. त्या पहाटेबद्दल त्या फार बोलत नसत. मात्र भूकंपाचा धडा त्यांनी पुढची तीस वर्षे असा शिकवला, की त्यांच्या हाताखालून गेलेले कुणी तो विसरलेले नाही.

मी आठवीत होते. टेबलावर पितळी परात, तिच्यात पातळ पसरलेला रवा. बाईंनी परातीच्या मधोमध खालून टिचकी मारली. रवा सगळीकडून एकदमच उडाला. “हा स्फोट. चारी बाजूंना सारखाच बाहेर ढकलतो.” मग दोन पाट एकमेकांना खेटून ठेवले, सांध्यावर रवा पसरला आणि एक पाट झटक्यात पुढे सरकवला. रव्याची रेघ मधोमध तुटली, अर्धी पुढे गेली, अर्धी जागच्या जागी राहिली. “हा भूकंप. खडक फुटतो आणि दोन बाजू एकमेकींना घासत सरकतात. म्हणून कुठे जमीन आधी वर उचलते, कुठे आधी खाली ओढली जाते. नीट बसवलेलं यंत्र हा फरक हजारो मैलांवरून ओळखतं. आणि म्हणूनच, मुलांनो, कुणाला चोरून अणुबाँब फोडता येत नाही.”

हे शेवटचे वाक्य त्या वेळी माझ्या डोक्यावरून गेले. त्या ते प्रत्येक वर्गाला का सांगत होत्या, हे कळायला मला मृत्युपत्राच्या तिसऱ्या कलमापर्यंत थांबावे लागले.

पहिली बैठक

आम्ही पाच विश्वस्त. अध्यक्ष सुभेदार काका, सैन्यातून निवृत्त. त्यांचे गाव अपशिंग्याच्या पंचक्रोशीतले. पहिल्या महायुद्धात त्या एका अपशिंग्याचे ४६ जवान पडले, आणि आजही तिथे फौजेत माणूस नाही असे घर शोधावे लागते. दुसरे डॉक्टर, तिसरे महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलेले सर, चौथे वकीलसाहेब आणि पाचवी मी.

काका आधी बोलले. “बाईंबद्दल माझ्या मनात काय आहे ते तुम्हांला ठाऊक आहे. पण दोन शेजाऱ्यांकडं बाँब असताना आपण आपल्याच पोरांना बाँब नको म्हणून शिकवायचं? उद्या गावात काय तोंड दाखवू?”

वकीलसाहेबांनी युक्रेन काढले. सोव्हिएत संघ फुटल्यावर युक्रेनच्या जमिनीवर हजारो अण्वस्त्रे होती, ती १९९६ पर्यंत रशियाला परत दिली, सीमांचा मान राखू असे १९९४ च्या बुडापेस्ट करारात लिहून मिळाले. पुढे २०१४ आणि २०२२ मध्ये काय झाले ते जगाने पाहिले. “आता कुठला देश शस्त्र खाली ठेवेल?”

डॉक्टरांचा आक्षेप मला सर्वांत जड वाटला. ते म्हणाले, “८४ हजारांत गरजू माणसाच्या डायलिसिसच्या कितीतरी फेऱ्या होतात. तो माणूस उद्या सकाळी माझ्या दारात येणार आहे. त्याला मी काय सांगू? पैसे हिरोशिमासाठी ठेवलेत म्हणून?”

यावर कुणाकडेही तयार उत्तर नव्हते. वकीलसाहेबांनी कायद्याचे बोट ठेवले. दात्याने ज्या कामासाठी पैसा ठेवला तो त्याच कामाला लावायचा, आपल्या मर्जीने वळवायचा नाही. त्याने तोंड बंद झाले, मन नाही. शेवटी सरांनी मार्ग काढला. तीन महिने घ्यायचे, विषय वाटून घ्यायचे आणि एवढेच शोधायचे: या कामाला आजवर ज्यांनी खासगी पैसा दिला, त्याने काही घडले का? घडले असेल तर कसे?

पैशाने काय विकत घेता आले

सुरुवात मी पगवॉशपासून, म्हणजे अण्वस्त्रांवर बोलायला जमलेल्या शास्त्रज्ञांच्या परिषदेपासून केली. ९ जुलै १९५५ रोजी बर्ट्रांड रसेल यांनी लंडनमध्ये अण्वस्त्रांच्या धोक्याचा इशारा देणारे ते प्रसिद्ध जाहीरनामापत्र वाचून दाखवले. आइन्स्टाइननी मृत्यूच्या आठवडाभर आधी त्यावर सही केली होती. पूर्व आणि पश्चिमेच्या शास्त्रज्ञांनी एकत्र बसावे, ही त्यातली मागणी. बसायचे कुठे, यावर अडले. नेहरूंनी दिल्लीचे आमंत्रण दिले होते, बेतही ठरत आला होता, पण १९५६ च्या सुएझच्या पेचाने तो बारगळला. मग सायरस ईटन या उद्योगपतीने कॅनडातल्या पगवॉश या आपल्या जन्मगावी सगळ्यांची सोय करण्याची तयारी दाखवली. जुलै १९५७ मध्ये १० देशांचे २२ शास्त्रज्ञ तिथे जमले. सरकारांनी एकमेकांशी बोलणे टाकले होते, तेव्हा प्रवासभाडे, खोल्या आणि जेवण एवढ्याच खर्चात बोलण्याची एक जागा उभी राहिली. ती पुढे टिकली, आणि १९९५ चे शांततेचे नोबेल या परिषदेला आणि जोसेफ रॉटब्लाट यांना मिळून दिले गेले.

यातला दुसरा भाग मला जास्त मोलाचा वाटला. ईटन पुढे सोव्हिएत बाजूने उघड बोलू लागले, तेव्हा शास्त्रज्ञांना त्यांच्या पैशापासून अंतर राखावे लागले. देणाऱ्याची सावली कामावर पडते. एकाच हातातून येणारा पैसा कितीही सढळ असला, तरी त्या हातासोबत हलावे लागते.

सरांनी आणलेली गोष्ट मात्र सगळ्यांना हलवून गेली. १९८० च्या दशकात अमेरिकेचे सरकार म्हणे, चाचणीबंदी करार करून उपयोग नाही, रशियन लोक जमिनीखाली गुपचूप स्फोट करतील आणि आपल्याला कळणारही नाही. गोर्बाचेव्ह यांनी ६ ऑगस्ट १९८५ पासून, म्हणजे हिरोशिमाला ४० वर्षे झाली त्या दिवसापासून, एकतर्फी चाचण्या थांबवल्या. अमेरिकेने विश्वास ठेवला नाही. अशा वेळी एनआरडीसी या अमेरिकेतल्या एका खासगी पर्यावरण संस्थेने मे १९८६ मध्ये सोव्हिएत विज्ञान अकादमीशी थेट करार केला. देणगीदारांकडून पैसे जमवले, आणि जुलैमध्ये अमेरिकी भूकंपशास्त्रज्ञ आपली यंत्रे घेऊन कझाकस्तानात कार्कारालिन्स्कला पोहोचले. सेमिपलातिन्स्कच्या सोव्हिएत अणुचाचणीस्थळापासून सुमारे २०० किलोमीटरवर. ज्या जागेच्या आसपास तोवर परक्याचे पाऊल पडले नव्हते, तिथल्या खडकावर त्यांनी भूकंपमापके बसवली. आणि तिथला ग्रॅनाइट कंपने इतकी स्वच्छ वाहून नेतो, की बारीक स्फोटसुद्धा लपणार नाही, हे दाखवून दिले. दोनच वर्षांत, १९८८ मध्ये, दोन्ही सरकारांनी एकमेकांच्या चाचणीस्थळांवर स्वतःच मोजणी केली. अशक्य म्हटलेली गोष्ट आधी काही देणगीदारांच्या पैशाने करून दाखवावी लागली.

सर वाचत होते तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे परात आली. मी मधेच म्हणाले, “हे तर बाईंनी आम्हांला आठवीत शिकवलंय.” खोलीत क्षणभर कुणी बोलले नाही. मग काकांनी विचारले, “रव्याचं? मलासुद्धा. पण मला वाटायचं, ते कोयनेसाठी.”

तेव्हापासून आमचा शोध चाचणीबंदीभोवतीच जास्त फिरला, हे मान्य करते. १९९६ च्या सर्वंकष चाचणीबंदी करारासाठी जगभर ३३७ ठिकाणी देखरेखीची केंद्रे आणि प्रयोगशाळा ठरवल्या गेल्या. करार अजून अंमलात आलेला नाही, भारताने त्यावर सही केलेली नाही. तरी उत्तर कोरियाने ऑक्टोबर २००६ मध्ये केलेला छोटा स्फोटही या यंत्रांच्या जाळ्याने पकडला. ११ मे १९९८ चा आपला पोखरणचा धक्काही जगभरच्या मापकांवर उमटला होता.

डॉक्टरांनी अमेरिकेतल्या सेंट लुइस शहराची हकीकत शोधून काढली. तिथल्या नागरिकांच्या समितीने १९५८ च्या अखेरीस मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करायला घेतले. हवेतल्या अणुचाचण्यांतून स्ट्रॉन्शियम-९० हा किरणोत्सारी पदार्थ गवतावर पडतो, गाईच्या दुधात उतरतो आणि मुलांच्या दातांत साठतो, हे तपासायचे होते. डॉ. लुईझ राइस यांनी ते काम चालवले. दात पाठवणाऱ्या मुलाला ‘मी माझा दात विज्ञानाला दिला’ असे लिहिलेला बिल्ला मिळे. सुमारे ३ लाख दात जमले. चाचण्या वाढल्या तसे दातांतले स्ट्रॉन्शियम वाढल्याचे आकडे निघाले, आणि १९६३ मध्ये अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटनने हवेतल्या चाचण्या बंद करण्याचा करार केला, त्याला असे पुरावे हाताशी होते. “आमच्याकडं आजी दात छपरावर टाकायला सांगायची,” डॉक्टर म्हणाले, “यांनी पाकिटात घालून पाठवला.”

दातांची गोष्ट ऐकताना मला मुष्टिफंड आठवला. साताऱ्याच्या माणसाला तो सांगावा लागत नाही. बाईंचे आजोळ काले, जिथे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या पोरांसाठी बायका रोजच्या धान्यातली एक मूठ बाजूला काढून ठेवत. बाईंच्या आजीचा तो पत्र्याचा डबा बाईंकडे शेवटपर्यंत होता, त्यात त्या खडू ठेवत. घरटी एक मूठ, घरटी एक दात. मूठ कुणाच्याही मालकीची होत नाही, आणि कुणी एक रुसला म्हणून डबा रिकामा पडत नाही.

याच्या उलट टोकाचे उदाहरण मॅकआर्थर फाउंडेशनचे. १९८० च्या दशकापासून या क्षेत्रातला हा सर्वांत मोठा खासगी देणगीदार होता. २०१५ च्या सुमारास त्यांनी बाँबसाठी लागणाऱ्या इंधनाचे उत्पादन थांबवण्याचे मोठे ध्येय घेतले. पुढे मूल्यमापनात ठरल्या मुदतीत तिथे पोहोचण्याची वाट दिसेना, तेव्हा २०२१ मध्ये त्यांनी या विषयातून बाहेर पडण्याचे ठरवले. नियमाने पाहिले तर त्यांचे चुकले असे म्हणता येत नाही, शेवटची अनुदानेही त्यांनी जबाबदारीने दिली. पण त्यांच्यावर उभ्या असलेल्या अनेक संशोधन संस्थांच्या पायाखालची जमीन सरकली. सगळ्या जगात मिळून खासगी देणग्या वर्षाला काही कोटी डॉलरच्या, आणि समोर शस्त्रांवर दहा हजार कोटी डॉलर. त्यातला सर्वांत मोठा वाटेकरी उठून गेला. माझे ठाम मत आहे, की ज्या कामाचे फळ वीस-तीस वर्षांनी लागते त्याला पाच वर्षांच्या फूटपट्टीने मोजणे हाच मूळ घोटाळा आहे.

युक्रेनचा प्रश्न वकीलसाहेबांनीच पुढे नेला, आणि ते बदलून आले असे नाही, पण चित्र पुरे करून आले. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळत होता तेव्हा कार्नेगी कॉर्पोरेशनच्या पैशावर हार्वर्डमध्ये एक अभ्यास झाला: ही हजारो अण्वस्त्रे कुणाच्या ताब्यात राहणार? अमेरिकेचे सिनेटर नन आणि लूगर यांनी तो आधार धरला आणि ती शस्त्रे नष्ट करायला अमेरिकेने पैसा द्यावा असा कायदा त्याच वर्षअखेर करून घेतला. त्या कार्यक्रमाखाली ७,६०० हून अधिक अण्वस्त्रे निकामी झाली. “अभ्यासाचा खर्च आधी कुणी दिला नसता तर कायद्याला मजकूर नसता,” वकीलसाहेब म्हणाले. “पण युक्रेनच्या माणसाला हे मी समजावून सांगू शकणार नाही.” त्यांचे हे वाक्य आम्ही इतिवृत्तात जसेच्या तसे लिहिले आहे. त्या शस्त्रांच्या कळा मॉस्कोच्या हातात होत्या हे खरे, तरी दिलेला शब्द मोडला गेला हेही तितकेच खरे. या कामाला पैसा देणाऱ्याने दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत.

बाकीचे थोडक्यात. २००२ मध्ये बेलग्रेडजवळच्या विंचा संस्थेतून बाँबसाठी वापरता येईल असे ४८ किलो संपृक्त युरेनियम हलवायचे होते. कामाचा जो भाग अमेरिकी सरकारच्या नियमात बसेना, त्याला टेड टर्नर आणि सॅम नन यांनी काढलेल्या एनटीआय या संस्थेने ५० लाख डॉलर दिले आणि युरेनियम निघाले. २००७ मध्ये मेलबर्नमध्ये सुरू झालेल्या आयकॅन या मोहिमेच्या रेट्याने ७ जुलै २०१७ रोजी १२२ देशांनी अण्वस्त्रबंदीचा करार स्वीकारला आणि तो २२ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. भारतासकट अण्वस्त्रे असलेला एकही देश त्यात नाही.

कायद्याची चौकट

परदेशातल्या एखाद्या नामांकित संस्थेला पैसे पाठवून मोकळे व्हावे, हा पहिला मोह. तो मीच मांडला होता. पण भारतातल्या धर्मादाय संस्थेने पैसा देशाबाहेर खर्च केला तर त्या रकमेवरची आयकराची सवलत साधारणपणे जाते, त्यासाठी वेगळी मंजुरी लागते. उलट दिशेचा रस्ताही अरुंद. परदेशी देणगी घ्यायची तर केंद्राची नोंदणी हवी, दिल्लीतल्या स्टेट बँकेत खाते हवे, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. म्हणजे न्यूयॉर्कचा पैसा पाटणच्या शाळेपर्यंत येणे अवघड आणि कराडचा पैसा न्यूयॉर्कला जाणे अवघड.

हे लक्षात आल्यावर माझे मन एकदम हलके झाले. पाटणच्या वर्गखोलीत मराठीत जे काम होईल ते जगातला कुठलाही मोठा देणगीदार करणार नव्हता. ते करायला आम्हीच. आमच्या नोंदणीपत्रात उद्देश लिहिलेत ते शिक्षणप्रसार आणि वैद्यकीय मदत. दोन्हीही पुरेसे होते. धर्मादाय आयुक्तांकडे उद्देश बदलायला जायची गरज पडली नाही.

ठरलेले काम

ठराव असा झाला. ८४ हजारांतला मोठा भाग कराड आणि पाटण तालुक्यांतल्या आठवी-नववीच्या विज्ञान शिक्षकांसाठी, ‘भूकंप की स्फोट’ या दोन तासांच्या धड्यावर. परात, रवा, पाट, मोबाइलमधले कंपनमापक, आणि खऱ्या नोंदींचे दोन छापील आलेख, एक भूकंपाचा, एक अणुचाचणीचा. कोयना भागातल्या मुलांना जमीन हलणे शिकवावे लागत नाही. कराडजवळ हजारमाचीला भूविज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा आहे, कोयना खोऱ्यात गोठण्याला भूकंपाच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलेले आहे. आपल्या अंगणातल्या विज्ञानातून मूल जगाच्या करारापर्यंत जाऊ शकते, एवढाच आमचा विश्वास होता.

दुसरा भाग डॉक्टरांकडे. १९८० मध्ये अमेरिकी आणि सोव्हिएत डॉक्टरांनी मिळून अणुयुद्धविरोधी संघटना काढली, १९८५ मध्ये तिला नोबेल मिळाले, तिची भारतीय शाखाही आहे. आमच्या डॉक्टरांनी कराड आणि मिरजेतल्या परिचारिका विद्यार्थिनींना एक व्याख्यान द्यायचे ठरवले. त्यात ते हिरोशिमाचा एकच मुद्दा पुन्हा पुन्हा मांडतात: तिथल्या डॉक्टर-परिचारिकांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मेले किंवा जखमी झाले, मग भाजलेल्यांवर उपचार करायला उरले कोण? “गॅसचा स्फोट होऊन चार भाजलेली माणसं एकदम आली की आपली रात्र कशी जाते ते आठवा,” असे म्हणून ते थांबतात.

काकांची एक अट होती, ती आम्ही मानली. भारताने उद्याच शस्त्रे टाकावीत किंवा अमुक करारावर सही करावी असा प्रचार संस्थेच्या पैशाने करायचा नाही. मुलांना माहिती द्यायची आणि प्रश्न विचारू द्यायचे. मला ही अट आधी पळवाट वाटली होती. आज वाटत नाही. भारतानेच १९५४ मध्ये चाचण्या थांबवा म्हणून जगाला सांगितले, १९८८ मध्ये २०१० पर्यंत अण्वस्त्रमुक्तीचा आराखडा संयुक्त राष्ट्रांत मांडला, १९९८ मध्ये चाचण्या केल्या आणि आधी वापर न करण्याचे धोरण घेतले. हे सगळे मुलांसमोर ठेवले की ती स्वतःच विचारतात.

आणि मूठ. व्याजाचे दर घसरले की काम बंद, असे नको होते. म्हणून धडा घेणाऱ्या शिक्षकांपैकी ज्याला वाटेल त्याने महिन्याला ५० रुपये द्यायचे. बाईंचा पत्र्याचा डबा आमच्या कार्यालयात आहे, पावत्या त्यात ठेवतो.

दोन वर्षे

पहिल्या वर्षी १४ शाळा मिळाल्या, दुसऱ्या वर्षी ९. पाच का गळल्या, याचा मी पाठपुरावा केला. दोन ठिकाणी शिक्षकांच्या बदल्या, दोन ठिकाणी परीक्षांचे वेळापत्रक. पाचव्या शाळेत गावातल्या कुणीतरी फोन करून सांगितले, की हे देशाच्या बाँबविरुद्ध शिकवतात, आणि मुख्याध्यापकांनी आदल्या दिवशी कार्यक्रम रद्द केला. चूक आमचीही होती. आम्ही पालकांना आधी पत्र पाठवले नव्हते, धड्यात काय आहे ते कुणालाच सांगितले नव्हते. आता पहिले पत्र पालकांना जाते.

त्या शाळेत काका स्वतः गेले, पदके लावून. मी सोबत होते. मुख्याध्यापकांच्या खोलीत ते फार बोलले नाहीत. म्हणाले, “सर, ९८ ला आपण बाँब फोडला, त्यांनीही फोडला. ९९ ला कारगिल झालं. बाँब होता म्हणून ते टळलं नाही, माझ्या पलटणीची पोरं परत आली नाहीत. बाँब असावा का नसावा ते दिल्ली ठरवेल. पण तो काय असतो, हे फौजीच्या पोराला माहीत नको?” दोन आठवड्यांनी धडा झाला. चौकटीपाशी उभे राहून काकांनी तो पूर्ण ऐकला.

तासाच्या शेवटी नववीतल्या एका मुलीने विचारले, “कुणी चोरून फोडला तर कळतं, मग आपण सही का करत नाही?” शिक्षिकेने माझ्याकडे पाहिले, मी काकांकडे. काका म्हणाले, “याची कारणं सरकार देतं ती मी तुला सांगतो, आणि सही करा म्हणणारे देतात तीही सांगतो. मग तू मला सांग.” ते वीस मिनिटे बोलत होते, बस चुकली.

डॉक्टरांचा डायलिसिसचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. दर बैठकीत ते तो विचारतात, आणि दर वेळी आम्ही व्याजाच्या उरलेल्या अर्ध्यातून जमेल तेवढे देतो. त्यांनी तो विचारणे थांबवू नये असे मला मनापासून वाटते.

गेल्या महिन्यात वार्षिक अहवाल भरताना ‘फलनिष्पत्ती’च्या रकान्यापाशी मी बराच वेळ अडून राहिले. जगातली किती अण्वस्त्रे कमी झाली, तिथे काय लिहिणार? शेवटी लिहिले: दोन आलेख समोर ठेवल्यावर भूकंप कोणता आणि स्फोट कोणता हे कारणासह सांगू शकलेले विद्यार्थी, २१२ पैकी १६७.

बैठकीत अहवाल वाचला तेव्हा डॉक्टरांनी विचारले, “आणि राहिलेले ४५?”

“त्यांच्याकडं परत जायचं,” काका म्हणाले. “पराती माझ्या गाडीतच आहेत.”